टाकीमागचे लोखंड

गळती नसलेली, पोचा न पडलेली, सर्वार्थाने धडधाकट अशी डिझेलची टाकी कोणी आपण होऊन ट्रकवरून उतरवणार आहे, हे ऐकूनच मी पिपरी मेघे येथे गेलो. आणि त्या खटाटोपाचे प्रयोजन टाकी नसून तिच्या आड दडलेले हातभर लोखंड आहे, हे कळल्यावर तर तेथून लवकर निघणे अशक्यच झाले. वर्धा शहराला लागून असलेल्या या वस्तीत, एम.एच. ३२ अशी पाटी मिरवणारी एक जुनी सहाचाकी गाडी घरापुढच्या कडुनिंबाखाली उभी होती. मालक तोच ड्रायव्हर; मिस्त्री ओळखीतला, वेल्डिंगचे यंत्र भाड्याचे.

वर्धा हा समुद्रापासून दूरचा, वैशाखात भाजून निघणारा मुलूख. येथील लोखंडाला इतका गंज चढावा तो कशाने, या माझ्या पृच्छेचे उत्तर हवेत नसून भाड्यात होते. मृगापूर्वी मालधक्क्यावरून उचललेल्या खताच्या गोण्या, एरवी पाणी ठिबकत असलेली रेती, मधूनच मिठाची एखादी खेप, असा या गाडीचा संसार. खत ओल धरून ठेवते. मीठ त्या ओलीला अधिक दाहक करते. आणि हे सारे चिखलासह टाकीचा ब्रॅकेट व चेसीचा चॅनल यांमधील फटीत, जेथे ना ऊन पोचते ना झाडू, तेथे कायमचे ठाण मांडते. त्यातच, झिजलेल्या लोखंडापेक्षा त्याचा गंज कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे, तो रिव्हेटने जखडलेल्या दोन पत्र्यांना आतून पाचर मारल्यासारखा फाकवतो.

डिझेल ड्रममध्ये काढणे, पाइप व काट्याची वायर सोडणे, जॅकवर फळी टेकवून पट्ट्यांचे नट ढिले करणे, ही कामे ऊन चढण्यापूर्वीच उरकली. टाकी १६० लिटरची. भरलेली असती तर नुसत्या डिझेलचेच वजन १३० किलोंच्या वर गेले असते. परंतु मिस्त्रीला भय वाटत होते ते रिकाम्या टाकीचे, कारण उरलेल्या थेंबांची वाफ तिच्यात कोंडलेली असते. "टाकी इथून हालल्याबिगर आगपेटी काढजो नोको," अशी ताकीद क्लीनरला देऊन त्याने ती दूरच्या कुंपणापाशी हलवली, तिचे तोंड ओल्या फडक्याने बंद केले आणि मगच तो गाडीखाली शिरला.

त्यानंतरचा प्रसंग मला अजूनही पुनःपुन्हा आठवतो. हातोडीने तो चॅनल ठोकत पुढे सरकत होता; निरोगी लोखंड खणखणत होते, आणि जेथे टाकी होती तेथे येताच नाद एकाएकी बसला. छन्नी लावताच पापुद्रे गळून पडले. कॅलिपर न लावता, नखाने कड चाचपून त्याने निकाल दिला: "दोन सूत व्हतं भाऊ, आता एक सूत रायलं." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक सूत! कित्येक टन माल याच एका सुतावर वाहून नेला जात होता, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसत होती ती रंगवलेली टाकी.

बॅटरीची तोंडे सोडून, ग्राइंडरने चकाकी येईतो घासून, मग चॅनलच्या उभ्या अंगाला नवी पट्टी बसवण्यात आली. तिची टोके मुद्दाम तिरपी कापली होती; सरळ कापली तर सारा ताण एकाच रेषेत एकवटतो आणि जुने लोखंड तेथेच तडकते. वरच्या व खालच्या कडेला छिद्र पाडायचे नाही, हा नियम त्याने कोणत्या पुस्तकात वाचला नव्हता. कारखानदारही तेच सांगतात.

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे याच वर्ध्याला, मगनवाडीत पडले आणि जे. सी. कुमारप्पा तेथे ग्रामीण धंद्यांचा विचार करू लागले. अंगणातल्या या चेसीदुरुस्तीला त्यांनी आपल्या यादीत स्थान दिले असते की नाही, याविषयी मी साशंक आहे. परंतु वस्तू टिकवण्याची जी बुद्धी त्यांना अभिप्रेत होती, ती येथे रोकड्या गरजेपोटी का होईना, नांदत होती. पासिंगच्या वेळी टाकी उतरवून कोण पाहणार होते, असे मी विचारले. मिस्त्री म्हणाला, "साहेब थोडाच बसते गाडीत? बसतो तर आपण."

रेड ऑक्साइडचा हात फिरला, टाकी चढली, हातपंप मारून पाइपांतली हवा काढण्यात आली आणि इंजिन सुरू झाले. मग मिस्त्रीने दुसऱ्या बाजूच्या बॅटरीच्या पेटीखाली हातोडी वाजवली. तेथे आम्लाचे ओघळ होते. लोखंड पावणेदोन सूत भरेल, असा त्याचा अंदाज. हे काम आजच का करत नाही, या माझ्या प्रश्नावर मालकाने ते दिवाळीनंतर करण्याचे ठरवून टाकले. खताचा अख्खा हंगाम त्याच लोखंडावर जाणार, हे दोघांनाही ठाऊक होते. पण गाडीच्या हप्त्याची तारीख त्याहून पुष्कळ अलीकडची होती.