संगणकाची निद्रा आणि जागृती

लॅपटॉपचे झाकण मिटले की पडदा काळा होतो, पंख्याचा आवाज थांबतो आणि काही वेळाने झाकण उघडताच अर्धवट राहिलेला तक्ता जसाच्या तसा समोर येतो. कार्यालयात व शाळेत ही सोय आता अंगवळणी पडली आहे. तथापि संगणकाची ही निद्रा म्हणजे केवळ विजेचे बटण बंद करणे नव्हे. त्याच्या अंतरंगातील अनेक साधने ठराविक क्रमाने निजवावी लागतात आणि उलट क्रमाने जागी करावी लागतात. हा क्रम बिघडला तर संगणक पुन्हा जागा होईलच, याची शाश्वती उरत नाही.

साधनांचे कारभारी

डिस्क, कळफलक, पडदा, वायफाय कार्ड यांपैकी प्रत्येक साधन चालविण्याची रीत निराळी असते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक साधनाचा कारभार ‘ड्रायव्हर’ नावाच्या स्वतंत्र प्रोग्रामकडे सोपविते. १९९२ च्या ‘ए.पी.एम.’ पद्धतीत विजेच्या व्यवस्थापनाचा मोठा भार बायॉसवर होता. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये ‘ए.सी.पी.आय.’ हे मानक प्रसिद्ध केले आणि ही सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती आली. साहजिकच ड्रायव्हरांची जबाबदारी वाढली.

निद्रेचा क्रम

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्स या सिस्टीमची संहिता सर्वांस खुली असल्याने तिच्यातील ही व्यवस्था पाहता येते. निद्रेचा आदेश मिळताच डिस्कवर लिहावयाची राहिलेली माहिती सर्वसाधारणपणे प्रथम लिहून घेतली जाते. नंतर चालू प्रोग्राम आहेत त्या स्थितीत गोठविले जातात. त्यासाठी सर्वसाधारणपणे २० सेकंदांची मुदत असते.

मग ड्रायव्हरांची पाळी येते. त्यांचे काम चार टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात पूर्वतयारी होते व नवी साधने जोडून घेणे थांबते. दुसऱ्यात साधनाचे काम थांबवून त्याची स्थिती जपून ठेवली जाते. तिसऱ्यात उरलेली आवराआवर होते. चौथ्या टप्प्यात साधनांकडून येणाऱ्या सूचनांची दखल घेणेही बंद झालेले असते. शेवटी एक प्रोसेसर सोडून बाकीचे बाजूला केले जातात.

शाळा सुटल्यावर आधी वर्गखोल्यांना कुलपे लागतात, मग मुख्य फाटकाला. सकाळी आधी फाटक उघडते, मग वर्ग. येथेही तसेच घडते. पेन ड्राइव्ह यू.एस.बी. नियंत्रकावर अवलंबून असतो. नियंत्रक आधी निजला तर पेन ड्राइव्हपर्यंत निरोप पोहोचविणार कोण? म्हणून अवलंबून असलेले साधन आधी निजते, आधार देणारे नंतर. जागे होताना आधार देणारे आधी. मात्र काही साधनांचे परस्परावलंबन या सरळ वंशावळीत बसत नाही. अशी नाती नोंदविण्याची सोय लिनक्समध्ये २०१७ साली झाली. परस्परांशी संबंध नसलेली साधने एकाच वेळी निजवून वेळ वाचविण्याची सोय त्यापूर्वीच, २०१० मध्ये, आली होती.

एकाचा नकार, सर्वांची माघार

एखाद्या ड्रायव्हरने ‘माझे साधन निजू शकत नाही’ असे कळविले तर सारी प्रक्रिया थांबते आणि निजलेली साधने पुन्हा जागी केली जातात. अर्धवट निजलेला संगणक कोणाच्याच उपयोगाचा नसतो, हे त्यामागील तत्त्व होय. कळफलक किंवा जाळ्याचे कार्ड यांसारख्या काही साधनांना संगणकास जागे करण्याची मुभा दिलेली असते. निजण्याची तयारी चालू असतानाच त्यांच्याकडून हाक आली, तर ती हरवू नये म्हणून निद्रा रद्द करावी लागते.

झाकण उघडल्यावर पडदा काळाच राहणे किंवा वायफाय न लागणे यामागे अनेकदा एखाद्याच ड्रायव्हरचा दोष असतो. अशा वेळी संगणक निकामी झाला असे न समजता ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसवून पाहणे इष्ट ठरते.

निद्रेचे दोन प्रकार

सामान्य निद्रेत चालू काम रॅम या स्मृतीत राहते व ती टिकविण्यासाठी थोडी वीज सतत लागते. ‘हायबरनेट’ या दीर्घ निद्रेत स्मृतीतील सर्व मजकूर डिस्कवर लिहिला जातो. त्यामुळे वीज पूर्ण तुटली तरी काम शाबूत राहते. जागे होण्यास मात्र अधिक वेळ लागतो.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. सामान्य निद्रेत असताना बॅटरी संपली तर जतन न केलेले काम नाहीसे होते. विजेचा भरवसा नसलेल्या गावी घरपट्टीची नोंदवही किंवा परीक्षेचे गुण भरत असताना झाकण मिटण्यापूर्वी काम जतन करावे. ड्रायव्हर साधनांची काळजी घेतात. न जतन केलेल्या नोंदीची काळजी ती भरणाऱ्यानेच घ्यावयाची असते.