यंत्राला हात कधी लावायचा नाही

चंडीमंदिर म्हटले की लष्कराचे पश्चिम कमांड आठवते. पण या छावणीच्या दोन्ही अंगांना भारतीय ट्रॅक्टरचा मोठा इतिहास घडला आहे. काल्क्याच्या वाटेवर पिंजोरला एचएमटीने 1971 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या तंत्रावर ट्रॅक्टर बांधले. पलीकडे, चंडीगड ओलांडून मोहालीत, 1974 मध्ये ‘स्वराज 724’ बाहेर पडला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेतला, पूर्णपणे देशी. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्राने 2016 मध्ये घेतला. स्वराज मात्र आजही जोरात आहे.

स्वराजची कंपनी 2007 मध्ये महिंद्राने घेतली. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला 2003 मध्येच जपानचा गुणवत्तेसाठीचा डेमिंग पुरस्कार मिळाला होता. तो मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. कांदिवली आणि नागपूरच्या कारखान्यांना ज्या शिस्तीची सवय होती, ती मोहालीतही रुजली आणि 2012 मध्ये स्वराजलाही तोच पुरस्कार मिळाला. शिस्त अशी, की निर्णय आवाजाच्या चढउतारावर घ्यायचा नाही, आकड्यांवर घ्यायचा.

या शिस्तीचे मूळ 1924 सालचे. अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी एका छोट्याशा टिपणात नियंत्रण-आलेख मांडला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून श्यूहार्ट स्वातंत्र्यानंतर लगेचच भारतात येऊन गेले.

हा आलेख काय करतो ते नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा, सिलिंडरचे बोअर 100 मिलिमीटरचे हवे. एकाच यंत्रावर, एकाच टूलने केलेले दोन जॉबसुद्धा हुबेहूब सारखे येत नाहीत. एक चार मायक्रॉनने मोठा, पुढचा तीनने लहान. मनापासून काम करणारा ऑपरेटर प्रत्येक जॉब मोजतो आणि जेवढा फरक दिसेल तेवढे टूल मागे-पुढे करतो. त्याला वाटते, आपण काळजी घेतोय. प्रत्यक्षात यंत्र स्थिर असताना अशी दरवेळची दुरुस्ती मापांचे प्रमाण विचलन सुमारे 41 टक्क्यांनी वाढवते. बिघाड यंत्रात नसतो, त्या हाताळणीत असतो.

आलेखाच्या सीमा ड्रॉइंगवरून ठरत नाहीत. यंत्राच्याच मागच्या मापांवरून, सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन प्रमाण विचलनांवर त्या आखल्या जातात. मापाचा बिंदू या सीमांच्या आत इकडेतिकडे पडत असेल तर हात लावायचा नाही. तो बाहेर गेला, किंवा सलग आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला आले, की थांबायचे आणि कारण शोधायचे: टूल झिजले, कास्टिंगचा लॉट बदलला, की शीतक कमी पडले.

यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरचे खरे काम हेच आहे. सीएनसी यंत्रातून दर सेकंदाला माहिती येते, आलेख आपोआप उमटतो. रजिस्टरमध्ये कधीच न लिहिले जाणारे दोन-दोन मिनिटांचे थांबे पकडले जातात, आणि शिफ्टमधला बराच वेळ तिथेच जातो. ओईई, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता सांगणारा आकडाही मिळतो. यंत्र 90 टक्के वेळ चालले, 95 टक्के वेगाने चालले आणि 99 टक्के माल चांगला निघाला, तरी गुणाकार 85 टक्क्यांच्या आतच येतो. तिन्ही आकडे उत्तम दिसत असताना पंधरा टक्के क्षमता कुठे गेली, हे मालकाला पहिल्यांदा तिथे दिसते.

मात्र पडद्यावर प्रत्येक जॉबला लाल-हिरवा दिवा लावणारे आणि सीमा न आखणारे सॉफ्टवेअर मला घातक वाटते. ते ऑपरेटरला पुन्हा त्याच दरवेळच्या दुरुस्तीकडे ढकलते, फक्त अधिक वेगाने. शिवाय यंत्र थांबले हे सेन्सर सांगतो. का थांबले हे शेजारी उभा असलेला माणूसच सांगू शकतो. ‘माल नव्हता’ असे खरे कारण नोंदवल्यावर त्यालाच बोलणी बसणार असतील, तर तो ‘टूल बदलले’ असे नोंदवील आणि सगळे विश्लेषण त्या खोट्यावर उभे राहील.

भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव इथल्या लहान कारखानदारांना म्हणूनच विनंती आहे. सॉफ्टवेअरवाल्याला बोलावण्याआधी सर्वांत अडणारे एक यंत्र निवडा. महिनाभर त्याचा प्रत्येक थांबा आणि त्याचे कारण ऑपरेटरच्याच हाताने लिहून घ्या, आणि त्या नोंदीवरून कुणालाही जाब विचारू नका.