भोकाच्या काठावर किती ताण?

तासगावच्या एखाद्या द्राक्षबागेत मांडवाखाली उभे राहून वर पाहा. लोखंडी अँगल, त्यांना पाडलेली भोके आणि ताणून बांधलेल्या तारा दिसतील. घड भरले की सारा भार तारांवाटे अँगलवर येतो. वादळात असा मांडव कोसळला, तर हातातोंडाशी आलेले वर्षाचे पीक जाते. लोखंडाची वस्तू मोडते ती पुष्कळदा भोकापाशीच. असे का व्हावे? आणि मोडण्याआधी ते कळेल काय?

हिशेब सोपा व्हावा म्हणून अँगलऐवजी सपाट पोलादी पट्टी घेऊ. रुंदी ५० मिलिमीटर, जाडी ५ मिलिमीटर, मधोमध १० मिलिमीटर व्यासाचे भोक. ती १०,००० न्यूटन बलाने, म्हणजे सुमारे एक टन वजनाइतक्या ओढीने, ताणली आहे. भोकापाशी उरलेल्या लोखंडाचा छेद २०० चौरस मिलिमीटर. म्हणून प्रतिबल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवरील बल, ५० न्यूटन. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. पण ही झाली सरासरी. ओढ्यात खांब रोवला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी दाटीने वाहते, तशीच ओढ भोकाच्या काठांशी दाटते. फार रुंद पट्टीतील लहान गोल भोकाच्या काठावर प्रतिबल तिप्पट होते, हे जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये गणिताने दाखवले. आपल्या पट्टीत काठावरचा आकडा सुमारे १२५ येतो. साधे पोलाद २५० च्या आसपास कायमचे ताणले जाऊ लागते. म्हणजे पाचपट वाटलेली सुरक्षितता प्रत्यक्षात दुपटीवर आली!

मात्र खऱ्या अँगलला कोन असतो, भोके अनेक असतात. तिथे असे सुटसुटीत सूत्र मिळत नाही. तासगावजवळच्या किर्लोस्करवाडीत १९१० नंतर लोखंडी नांगर घडू लागले, त्या काळी जगात कोठेही वस्तू करून पाहणे आणि मोडेल तिथे जाड करणे, हाच मुख्य उपाय होता. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या रचनेसाठी निराळी वाट मांडली. १९६० मध्ये क्लफने तिला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. आपण सांत घटक पद्धत म्हणू.

युक्ती अशी: वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकडा ही एक स्प्रिंग मानायची. कागदावर करून पाहा. प्रत्येकी १०० मिलिमीटर लांबीचे दोन पोलादी दांडे जोडले आहेत. छेद २०० आणि १०० चौरस मिलिमीटर. पोलादाचा यंग गुणांक २,००,००० घेतला, तर त्याला छेदाने गुणून लांबीने भागले की ताठरता मिळते: ४,००,००० आणि २,००,००० न्यूटन प्रति मिलिमीटर. जाड दांड्याचे टोक भिंतीत पक्के करून दुसरे टोक १०,००० न्यूटनने ओढा. जोडावर बलांचा तोल साधला पाहिजे, या अटीवरून जोड ०.०२५ आणि टोक ०.०७५ मिलिमीटर सरकते. सरकणे कळले की ताण कळला, आणि त्यावरून प्रतिबल.

पट्टीसाठी दांड्यांऐवजी त्रिकोण घेतात. त्रिकोण जिथे जुळतात त्या प्रत्येक गाठीला दोन समीकरणे. शेकडो गाठी झाल्या की काम संगणकाचे. मात्र वस्तू कुठे धरली आणि कुठे ओढली, हे आपणच सांगायचे असते. माझ्या मते सर्वाधिक घोटाळे इथेच होतात: बोल्ट ढिला असतो, आणि आपण सांगतो 'पक्का'.

भोकाजवळ मोठे त्रिकोण घेतले तर काठावरचे प्रतिबल कमी येते, कारण साधा त्रिकोण आपल्या पोटातील प्रतिबल सर्वत्र सारखेच धरतो. तेथील त्रिकोण बारीक करीत जा. आकडा वाढत वाढत १२५ च्या आसपास स्थिरावतो. स्थिरावला, तरच त्यावर विश्वास ठेवावा.

आता भोक चौकोनी करा, कोपरे अगदी टोकदार. त्रिकोण जितके बारीक, तितका आकडा वाढतो, थांबतच नाही! यात संगणकाचा दोष नाही. पूर्ण टोकदार कोपऱ्यात गणिताने प्रतिबल अमर्यादच येते. पत्र्याला गेलेल्या चिरेचे टोकही असेच अणकुचीदार असते. म्हणून जाणता वेल्डर चिरेच्या टोकाशी आधी ड्रिलने गोल भोक पाडतो. टोक बोथट होते, प्रतिबल आवाक्यात येते आणि चीर बहुधा तिथेच थबकते.