वाहनाच्या इंजिनातील घटलेला तेलदाब : कारणमीमांसा, निदान व उपाययोजना

प्रस्तावना

इंजिनातील वंगणतेल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि झिजेतून सुटणारे कण फिल्टरपर्यंत पोहोचविते. दाब नाहीसा झाल्यास काही मिनिटांतच बेअरिंग जळून इंजिन जाम होऊ शकते. असे असूनही तेलदाबाचा लाल दिवा लागल्यावर पुढच्या गॅरेजपर्यंत वाहन दामटले जाते, किंवा दाब न मोजताच ऑइल पंप बदलला जातो. पहिल्या चुकीने इंजिन जाते, दुसरीने पैसा. प्रस्तुत लेखात तेलदाबाचे तत्त्व स्पष्ट करून निदानाचा तर्कशुद्ध क्रम मांडला आहे.

तेलदाबाचे तत्त्व

ब्रिटिश अभियंता बीचम टॉवर यांना १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, फिरत्या दांड्यावरील बेअरिंगला पाडलेल्या छिद्रात ठोकलेले बूच तेलाच्या दाबाने बाहेर ढकलले जाते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याची गणिती उपपत्ती दिली. फिरता दांडा निमुळत्या फटीत तेल ओढतो व तेथे निर्माण होणाऱ्या दाबावर भार तोलला जातो. दाबमापीवर दिसतो तो हा दाब नव्हे. तो केवळ बेअरिंगपर्यंतच्या तेलपुरवठ्याचा दाब होय. मात्र पुरवठा खंडित झाला की भार तोलणारा थरही टिकत नाही.

पंप मुळात प्रवाह निर्माण करतो. दाब उत्पन्न होतो तो प्रवाहाला होणाऱ्या अवरोधामुळे. सुमारे ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलसाठी बेअरिंगमधील फट साधारणतः ०.०५ मिलिमीटर असते. फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे इतर बाबी समान असता झिजेमुळे फट दुप्पट झाल्यास गळती आठपट होते. तेल तापून पातळ झालेले आणि पंप मंद फिरत असलेला, अशा गरम इंजिनाच्या आयडलिंगमध्येच दोष प्रथम प्रकट होतो, याचे कारण हेच.

निदानाचा क्रम

१. दिवा लागताच वाहन सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. अनेक वाहनांत हा दिवा दाब सुमारे ०.३ ते ०.५ बारपर्यंत उतरल्यावरच लागतो. म्हणून दिवा विझलेला असणे म्हणजे दाब पुरेसा असणे नव्हे.

२. सपाट जागी काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पाहावी. तेलास इंधनाचा वास येत असल्यास ते पातळ झालेले असते. दुधाळ रंग पाणी मिसळल्याचे सुचवितो.

३. पातळी योग्य असल्यास प्रेशर स्विच काढून तेथे यांत्रिक दाबमापी जोडावा व गरम इंजिनाचा दाब उत्पादकाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. दाब योग्य आढळल्यास दोष स्विच किंवा वायरिंगचा असतो.

४. दाब खरोखर कमी असल्यास त्याची रीत पाहावी. आयडलिंगला कमी, पण वेग वाढविताच पुरेसा चढत असल्यास पातळ तेल, बेअरिंगची वा पंपाची झीज संभवते. वेग वाढवूनही दाब चढत नसल्यास रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकल्याचा संशय घ्यावा. जास्त वेगात दाब कोसळत असल्यास सक्शनची जाळी गाळाने तुंबलेली असण्याची शक्यता असते.

उपाययोजना

तेल कमी असल्यास योग्य श्रेणीचे तेल भरून गळतीचे मूळ शोधावे. दूषित तेल फिल्टरसह बदलावे, परंतु इंधन किंवा पाणी कोठून मिसळते हे आधी निश्चित करावे. व्हॉल्व्ह व जाळी स्वच्छ करावी. चेंबर उघडल्यावर धातूचे चमकदार कण आढळल्यास बेअरिंगची तपासणी अपरिहार्य ठरते. जर्नल झिजलेले असल्यास ते ग्राइंड करून अंडरसाइझ बेअरिंग बसवावे लागते. केवळ दाट तेल भरल्याने दाबमापीवरील आकडा वाढतो, झीज मात्र तशीच राहते. शिवाय थंड इंजिनात असे तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते.

समारोप

तेलदाब कमी होणे हा रोग नसून लक्षण आहे. पातळी, मोजमाप, दाबाची रीत आणि शेवटी इंजिनाची उघडणी हा क्रम पाळल्यास अल्पखर्चाची कारणे आधी वगळली जातात आणि मोठी दुरुस्ती खरोखर आवश्यक असेल तेव्हाच केली जाते.