दिवस पुरत नाही तेव्हा : वेळेच्या नियोजनाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कल्याण-डोंबिवलीहून मुंबईत नोकरीला जाणाऱ्या बाईला वेळेचं नियोजन शिकवावं लागत नाही. नळाला पाणी किती वाजता येतं, कुकरची कितवी शिट्टी झाली की भाजी फोडणीला टाकायची, रिक्षा मिळाली नाही तर पायी स्टेशन गाठायला किती मिनिटं लागतात, कोणती लोकल चुकली की लेटमार्क लागतो, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. तरीही रात्री अंथरुणाला पाठ टेकताना आज काहीतरी राहिलं, आपणच कुठेतरी कमी पडलो, असं तिला वाटत राहतं. पुरुषांनाही वाटतं. या वाटण्यामागे वेळेबद्दलच्या काही ठाम समजुती आहेत. व्याख्यानांतून, पुस्तकांतून, मोबाइलवर फिरणाऱ्या सुविचारांतून त्या पक्क्या झाल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा खऱ्या नाहीत आणि त्यांच्यामुळे माणसं विनाकारण स्वतःला दोष देत राहतात.

गैरसमज : एका वेळी दोन-तीन कामं केली की वेळ वाचतो

लोकलच्या लेडीज डब्यात संध्याकाळी पाहा. मांडीवर पिशवी, पिशवीत मेथीची जुडी. गप्पा चालू आहेत, कुणाच्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी फिरते आहे आणि इकडे पानं खुडून होत आहेत. ठाणं येईपर्यंत मेथी निवडून तयार. अर्धा तास खरोखर वाचला. मग ‘बायकांना एका वेळी दहा कामं जमतात’ हे खरंच नाही का?

हे जमतं, कारण मेथी निवडणं हाताला सवयीचं झालं आहे. त्याला डोकं लावावं लागत नाही, म्हणून डोकं गप्पांसाठी मोकळं राहतं. पण तीच बाई घरी आल्यावर मुलाला त्रैराशिक समजावताना ऑफिसच्या ग्रुपवर उत्तर लिहायला घेते, तेव्हा गोष्ट वेगळी होते. दोन्ही कामांना एकच डोकं लागतं आणि ते एका वेळी एकाच कामावर असू शकतं. ते इकडून तिकडे उड्या मारतं आणि प्रत्येक उडीला वेळ जातो. जोशुआ रुबिनस्टाइन, डेव्हिड मेयर आणि जेफ्री इव्हान्स या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं : लोकांना दोन प्रकारची कोडी आलटून-पालटून सोडवायला लावली की वेळ वाया जातो, आणि काम जितकं गुंतागुंतीचं तितका जास्त जातो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्ध्यावर सोडून दुसऱ्याकडे वळलं, तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून पडतो आणि दुसरं काम त्यामुळे निकृष्ट होतं. मुलाचं गणित चुकतं, ग्रुपवरच्या उत्तरात तारीख चुकते, आवाज चढतो आणि शेवटी दोघंही रडकुंडीला येतात. यावर लरॉय यांनीच पुढे तपासलेला एक उपाय फार साधा आहे. काम सोडावंच लागलं, तर उठण्याआधी ‘कुठे थांबले, पुढे काय करायचं’ हे एका ओळीत लिहून ठेवायचं. तेवढ्याने मन बरंच सुटतं. आणि हाताचं काम व डोक्याचं काम यांची जोडी लावायची. डोक्याची दोन कामं एकत्र बांधायची नाहीत.

गैरसमज : पहाटे पाचला उठल्याशिवाय दिवस हाती लागत नाही

पहाटे उठणं वाईट नाही. ज्याला जमतं, त्याने जरूर उठावं. पण लहानपणी पाठ केलेल्या सुभाषितातही लवकर निजणं आधी आहे आणि लवकर उठणं नंतर. आपण पहिला अर्धा भाग सोयीने विसरलो. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ मध्ये एकत्र शिफारस केली, ती प्रौढांनी रोज सात तास किंवा त्याहून जास्त झोप घेण्याची. पाचला उठायचं तर दहाच्या आत डोळा लागायला हवा. ज्या घरात साडेनऊला जेवणं होतात, त्यानंतर ओटा पुसायचा, विरजण लावायचं, मटकी भिजत घालायची असते, तिथे हे कसं जमणार?

झोपेतून तास काढून दिवसाला जोडता येतो, हा हिशेबच चुकतो. २००३ मध्ये हान्स व्हॅन डाँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांना सलग १४ रात्री जेमतेम सहा तास झोपू दिलं. शेवटी त्यांची सावधता आणि स्मरण इतकं ढासळलं, की दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसांशी त्यांची तुलना होऊ लागली. त्यांना स्वतःला मात्र आपण एवढे मंदावलो आहोत याची जाणीवच नव्हती. ‘मला पाच तास पुरतात’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाने हे जरूर लक्षात घ्यावं.

शिवाय प्रत्येकाचं शरीराचं घड्याळ वेगळं असतं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, हे उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. कोण सकाळी ताजा असतो आणि कोण रात्री, हे काही प्रमाणात उपजत असतं आणि वयानुसार बदलतं. दहावी-बारावीच्या वयात हे घड्याळ उशिराकडे सरकतं. त्या मुलांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

गैरसमज : यादी केली, चौकोन आखले, की प्राधान्य ठरलं

‘तातडीचं’ आणि ‘महत्त्वाचं’ अशा दोन कसोट्यांवर कामं चार चौकोनांत वाटण्याची युक्ती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावावर चालते. वास्तविक त्यांनी १९५४ मध्ये इव्हान्स्टन शहरातल्या भाषणात फक्त या दोहोंतला फरक सांगितला, तोही एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचं म्हणणं म्हणून. चौकोन लोकप्रिय केले ते स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकाने. यातला एक चौकोन सांगतो : तातडीचं पण महत्त्वाचं नसलेलं काम दुसऱ्याकडे सोपवा. राष्ट्राध्यक्षांकडे सोपवायला माणसं होती. घरात ‘दुसरा’ कोण, हा प्रश्न कुठलाच चौकोन सोडवत नाही. त्याकडे पुढे येते.

या युक्तीतला कामाचा भाग मात्र निराळा आहे. महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं काम कधी हाक मारत नाही. रक्तदाब तपासून घेणं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बँकेच्या खात्यावर वारसाचं नाव लावणं, जुन्या मैत्रिणीला फोन. दूधवाला बेल वाजवतो, साहेब फोन करतात. रक्तदाब गप्प असतो. म्हणून अशा कामाला यादीत जागा देऊन भागत नाही, त्याला वार आणि वेळ द्यावी लागते. ‘या महिन्यात डोळे दाखवायचे’ असं नव्हे, तर ‘गुरुवारी ऑफिस सुटल्यावर थेट दवाखाना’. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी या पद्धतीचा अभ्यास केला आणि २००६ मध्ये ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा केव्हा-कुठे-कसं हे आधी ठरवणाऱ्यांचं काम पार पडण्याची शक्यता स्पष्टपणे जास्त दिसली.

आणि यादी लांब का होते? कारण प्रत्येक कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज सतत कमी निघतो. १९९४ च्या एका अभ्यासात कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. लागले जवळजवळ ५६. ‘सगळंच बिनसलं तर किती?’ या प्रश्नाला दिलेलं उत्तरही ४९ च्या आतच होतं. यात आळस नाही, मनाची रीतच तशी आहे. उपाय एकच : हे काम किती वेळात ‘व्हायला हवं’ असं न विचारता, मागच्या वेळी किती वेळ लागला होता ते आठवायचं. केवायसीला मागे अर्धा दिवस गेला असेल, तर याही वेळी अर्धा दिवस धरायचा आणि त्या दिवशीच्या यादीतून दोन कामं काढून टाकायची.

यादीत एखादी नवी सवय असेल, तर ती २१ दिवसांत लागते, हेही खरं नाही. हा आकडा प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकातल्या एका निरीक्षणातून पसरला. आपल्या बदललेल्या रूपाशी जुळवून घ्यायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. लंडनमध्ये संशोधिका फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ पर्यंत दिवस लागतील असं दिसलं. मधला आकडा ६६ होता. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. बाविसाव्या दिवशी चालणं सोडून देणाऱ्यांनी निराश न होता पुन्हा चपला घालाव्यात.

गैरसमज : जास्त तास म्हणजे जास्त काम

तसं नसतं, हे मुंबईला सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच कळलं होतं. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन निवेदन तयार केलं, त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. सहा वर्षं झगडल्यावर, १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, त्या काळात आलेल्या आणि १९४६ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीने कारखान्यातल्या आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. आज आपण ज्याला ‘समतोल’ म्हणतो, तो इथे माणसांनी लढून मिळवला आहे. हे विसरून रविवारीही लॅपटॉप उघडणाऱ्याला मेहनती म्हणणं मला पटत नाही.

आकडेही लोखंड्यांच्याच बाजूने आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, नोंदी जॉन पेनकॅव्हल या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये नव्याने तपासल्या. आठवड्याला सुमारे ५० तासांच्या पुढे प्रत्येक जादा तासाचं उत्पादन घटत गेलं. ७० तास राबून जे निघत होतं, ते ५६ तासांत निघणाऱ्याहून फारसं जास्त नव्हतं. शरीर मात्र सगळे तास मोजतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

गैरसमज : चोवीस तास सगळ्यांना सारखेच, बाकी शिस्तीचा प्रश्न

हा सगळ्यांत घातक गैरसमज आहे, कारण तो कानाला न्याय्य वाटतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात असं आढळलं. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं थोडी घटली, दरी जवळपास तशीच राहिली. आणि ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांची. स्त्रियांत असे हात शंभरात ८१, पुरुषांत जेमतेम २७. पावणेपाच तास जिचे असे जातात, तिला शिस्त लाव म्हणणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि मलम भलतीकडे.

या मिनिटांत न धरलेलं आणखी एक काम आहे, ते लक्षात ठेवण्याचं. ‘अगं, मी भाजी आणतो ना, फक्त काय आणायचं ते सांग.’ बोलणारा मनापासून मदत करतो आहे. पण फ्रिजमध्ये काय उरलं आहे, उद्या उपास कुणाचा, डब्याला काय, धाकट्याला वांगं चालत नाही, हे सगळं तिने आधी डोक्यात जुळवलं, तेव्हा कुठे ती ‘गवार आणि दुधी’ म्हणाली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये जोडप्यांच्या मुलाखतींतून या कामाचे चार टप्पे मांडले : गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक दोघं मिळून घेतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र मुख्यतः बाईच्या माथी असतो. तिला सोफ्यावर बसलेलं पाहून ‘आता निवांत आहेस ना’ असं विचारणाऱ्याला हे काम दिसतच नाही.

म्हणून घरात काम वाटून घ्यायचं ते अख्खं घ्यावं. भाजी ज्याच्याकडे, त्याने काय संपलं ते स्वतः पाहायचं, काय आणायचं ते ठरवायचं, आणायचं आणि दुधी किडका निघाला तर तोही निस्तरायचा. सुरुवातीला चुका होतील, त्या होऊ द्याव्यात. मध्ये पडून सूचना दिल्या की काम पुन्हा तिच्याच डोक्यात येऊन बसतं.

येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी एका कागदावर आठवड्याची कामं लिहा : गॅसचं बुकिंग, शाळेची फी, आजोबांच्या गोळ्या, कामवाल्या मावशींचा पगार, पाहुण्यांचा आहेर. प्रत्येकापुढे ते काम करतो कोण याचं नाव नको, ते लक्षात कोण ठेवतं त्याचं लिहा. एकच नाव वारंवार येत असेल, तर त्यातलं किमान एक काम त्याच दिवशी, पुरतं, दुसऱ्याच्या नावावर करा.