एक हार्ड डिस्क, दोन कार्यप्रणाली

नायगावच्या बी.डी.डी. चाळीतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेत लाकडी पार्टिशन घालून दादर-नायगावच्या कामगारांनी संसार केले. अलीकडे चूल, पलीकडे मुलांचा अभ्यास. संगणकाच्या हार्ड डिस्कचे विभाजन असेच असते. जागा वाढत नाही. एका विभागात विंडोज व दुसऱ्यात लिनक्स नांदू शकते, आणि यंत्र सुरू करताना त्यांतील एक निवडता येते.

याची गरज आपल्यासारख्या निवासी शाळांना आज विशेष आहे. दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ ज्या टीपीएम २.० सुरक्षा-व्यवस्थेची अपेक्षा करते, ती देणगीतून आलेल्या बहुतेक जुन्या यंत्रांत नाही. यंत्रे धडधाकट असूनही भंगारात काढावीत काय? आमच्या मते नाही. श्रीलिपीत टंकलेल्या स्मरणिकेच्या जुन्या पानांसाठी विंडोज राहू द्यावी, परंतु तिला इंटरनेटपासून दूर ठेवावे. रोजच्या कामासाठी व इंटरनेटसाठी लिनक्स वापरावी. फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला. ती वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व इतरांस देण्याची मुभा तिच्या परवान्यातच आहे. भारतात सी-डॅकने तिच्यावरच ‘बॉस’ ही प्रणाली उभारली. ज्ञानाला कुलूप घालण्याची रीत ज्या समाजाने शतकानुशतके सोसली, त्याला या मुभेचे मोल सांगावे लागू नये.

डिस्कवर कोणता विभाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, याची नोंद एका तक्त्यात असते. हा डिस्कचा सातबारा होय. जुन्या एमबीआर पद्धतीत तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत मावतो. म्हणून त्यात मुख्य विभाग चारच, आणि सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा त्याला मोजता येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत साधारणतः १२८ विभागांची सोय असते व तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. तक्ता पुसला गेला तरी माहिती त्या क्षणी नष्ट होत नाही, पण ती कोणाची व कोठे हे सांगणारे काही उरत नाही. नोंदीवाचून जमीन कसणाऱ्याची काय गत होते, हे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांचा इतिहास शिकविताना आम्ही मुलांना सांगतोच.

म्हणून पहिले काम विभाजनाचे नव्हे, प्रत काढण्याचे. आपल्या संगणकांत मुलांचे जातीचे दाखले, जातपडताळणीची कागदपत्रे, शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत. आईवडील गावी, मूल येथे. अंतिम तारखेस एखादा दाखला सापडला नाही, तर त्या मुलाचे वर्ष वाया जाऊ शकते. सर्व फाइली बाह्य डिस्कवर उतरवाव्यात, त्यांतील काही उघडून पाहाव्यात, आणि ती डिस्क दुसऱ्या कपाटात ठेवावी.

मग पुढचा क्रम. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. बिटलॉकर चालू असेल तर त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून घ्यावी व ते बंद करावे. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन विंडोजचा विभाग तिच्याच साधनाने आक्रसावा व ५० गिगाबाइटच्या आसपास जागा मोकळी करावी. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून लिनक्स त्या मोकळ्या जागेतच बसवावी. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय समोर येईल, त्याला हात लावू नये. विंडोज आधी व लिनक्स नंतर हा क्रम सोयीचा, कारण लिनक्सबरोबर येणारा ‘ग्रब’ विंडोजलाही आपल्या यादीत स्थान देतो. विंडोज मात्र नंतर बसविल्यास स्वतःलाच पुढे करते.

शक्य असल्यास तिसरा विभाग केवळ फाइलींसाठी राखावा व तो एनटीएफएस पद्धतीचा ठेवावा. लिनक्सला तो वाचता-लिहिता येतो. लिनक्सचा एक्स्ट४ विभाग मात्र विंडोजला आपणहून वाचता येत नाही. असा सामाईक विभाग असला की एक कार्यप्रणाली बिघडली तरी मुलांचे काम सुरक्षित राहते. मात्र तोही त्याच डिस्कवर असल्याने त्याला प्रत समजू नये. डिस्कच निकामी झाली तर सर्व विभाग एकदम जातात.

एक गंमत सांगितली पाहिजे. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर कधी घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. यंत्र बिघडलेले नसते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. भारतीय वेळेतील फरक तेवढाच. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवण्यास सांगितले की प्रश्न मिटतो.

हे काम बाहेरच्या कारागिराकडून उरकून घेऊ नये, असे आम्हांस वाटते. ज्यात कोणाचीही कागदपत्रे नाहीत असे एखादे बाजूला ठेवलेले यंत्र नववी-दहावीच्या मुलामुलींच्या हाती द्यावे. त्यांनी डिस्क विभागावी, चुकवावी, पुन्हा विभागावी. ज्यांना तक्ता वाचता येईल, ती मुले यंत्राला घाबरणार नाहीत आणि दुसऱ्याचे यंत्र हाताळताना बेफिकीरही राहणार नाहीत.