संघ निवडायचा कोणी? जॉक स्टीन आणि फुटबॉलमधला मॅनेजर

आजचा विषय एका स्कॉटिश फुटबॉलपटूचा आहे. खेळाडू म्हणून तो बेताचाच होता, पण मॅनेजर म्हणून युरोपात पहिल्या रांगेत जाऊन बसला. त्याचं नाव जॉक स्टीन.

सुरुवातीला एक शब्द नीट समजून घेऊ. मॅनेजर म्हटलं की आपल्याला क्रिकेटच्या दौऱ्यावरचा मॅनेजर आठवतो. तिकिटं, हॉटेल, सामान आणि पत्रकार सांभाळणारा गृहस्थ. ब्रिटनच्या फुटबॉलमध्ये तसं नाही. तिथे मॅनेजर म्हणजे अकरा खेळाडू निवडणारा, सराव घेणारा, डावपेच ठरवणारा, नवे खेळाडू हेरणारा माणूस. पण हे सगळे अधिकार त्याला आपोआप मिळालेले नाहीत. एकेकाळी कित्येक क्लबांमध्ये संचालक मंडळी संघ निवडायची आणि मॅनेजर ती यादी ड्रेसिंग रूममध्ये नेऊन द्यायचा. स्टीनची कारकीर्द समजून घ्यायची तर हा धागा धरून ठेवा.

स्टीनचा जन्म 1922 चा, लॅनार्कशायर परगण्यातल्या बर्नबँकचा. हा सगळा कोळशाचा मुलूख. शाळा सुटली आणि थोड्याच दिवसांत तो खाणीत उतरला. 1942 पासून आल्बियन रोव्हर्स या छोट्या क्लबकडून खेळू लागला, तरी खाणीतलं काम सुटलं नाही. आठवडाभर जमिनीखाली आणि शनिवारी मैदानावर, असा त्याचा क्रम होता. खाणीत शेजारच्याची चूक आपल्या जिवावर बेतते, त्यामुळे कोण भरवशाचा आणि कोण नुसता बोलका हे ओळखायला माणूस लवकर शिकतो. त्याच भागातले मॅट बस्बी आणि जरा दक्षिणेकडच्या ग्लेनबकचे बिल शँक्ली, हे दोन मोठे मॅनेजरही खाणीत काम करून आलेले. तिघांचीही एकीवर एवढी श्रद्धा का होती, याचं उत्तर बरंचसं तिथे आहे.

1950 मध्ये पूर्णवेळ खेळण्यासाठी स्टीन वेल्समधल्या लॅनेली क्लबकडे गेला. तिथे फार काळ मन रमलं नाही. तो परत खाणीत जायच्या विचारात असताना, 1951 च्या डिसेंबरात, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने त्याला बोलावलं. कशासाठी? तर राखीव संघातल्या पोरांना आधार म्हणून. वय एकोणतीस, म्हणजे अपेक्षा काहीच नाही. पण पहिल्या संघातले बचावपटू जखमी झाले, त्याला संधी मिळाली, आणि पुढे तो कर्णधारच झाला. 1953 मध्ये कॉरोनेशन कप, 1953-54 च्या हंगामात लीग आणि स्कॉटिश कप दोन्ही. खेळाडू म्हणून तो चपळ नव्हता, पण खेळ वाचायचा. घोट्याच्या दुखापतीने मात्र 1957 मध्ये त्याचं खेळणं थांबवलं.

आता खरी गोष्ट सुरू होते. क्लबने त्याला राखीव संघाचा प्रशिक्षक केलं. हाताखाली बिली मॅकनील, जॉन क्लार्क अशी तरुण मुलं होती. पण सेल्टिकचा मॅनेजर होण्याची वाट दिसत नव्हती. का? सेल्टिक हा ग्लासगोतल्या आयरिश कॅथलिक वस्तीतून उभा राहिलेला क्लब, आणि तोवरचे सगळे मॅनेजर कॅथलिक. स्टीन प्रोटेस्टंट. शहरातला दुसरा मोठा क्लब रेंजर्स, तो प्रोटेस्टंटांचा. इथे एक फरक लक्षात घ्या. सेल्टिकमध्ये प्रोटेस्टंट खेळाडू चालत असत. रेंजर्स मात्र त्या काळात कॅथलिक खेळाडू घेतच नसे.

तेव्हा 1960 मध्ये स्टीन डनफर्मलिनला गेला. क्लब खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता, तो त्याने वाचवला. पुढच्याच वर्षी, 1961 ला, स्कॉटिश कपची अंतिम फेरी. समोर कोण? सेल्टिक. पहिला सामना गोलशून्य बरोबरीत, आणि फेरसामन्यात डनफर्मलिन 2-0 ने विजयी. आपल्याच घरातून बाहेर गेलेल्या माणसाने आपल्याला हरवलं, ही गोष्ट सेल्टिकच्या कारभाऱ्यांना चांगलीच झोंबली असणार.

स्टीनचा दुसरा गुण म्हणजे शिकायची भूक. 1963 मध्ये तो इटलीला जाऊन इंटर मिलानचा सराव बघून आला. तिथला प्रशिक्षक एलेनियो एरेरा याची बचावपद्धती तेव्हा युरोपभर गाजत होती. नाव कतेनाच्चो, इटालियनमध्ये अर्थ दाराची कडी. म्हणजे काय, तर प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक आघाडीवीरामागे एकेक पहारेकरी, आणि त्या सगळ्यांच्या मागे एक मोकळा बचावपटू. एखादा निसटलाच तर हा शेवटचा माणूस दार लावून घेणार. स्टीनने हे सगळं बारकाईने पाहिलं आणि मनात साठवून ठेवलं.

मधे हिबर्नियनला थोडा काळ काढून 1965 च्या मार्चमध्ये तो सेल्टिकचा मॅनेजर झाला, क्लबचा पहिला प्रोटेस्टंट मॅनेजर. त्याआधी मॅनेजर होते जिमी मॅकग्रोरी, सेल्टिकचे विक्रमी गोलवीर. पण संघनिवडीत शेवटचा शब्द चालायचा अध्यक्ष बॉब केली यांचा. स्टीनने साफ सांगितलं, संघ मी निवडणार. केलींनी मान्य केलं. पुढचं सगळं या एका होकारावर उभं आहे. एप्रिलमध्येच स्कॉटिश कप आला. 1954 नंतर न मिळालेली लीग 1966 ला मिळाली, आणि 1974 पर्यंत सलग नऊ वर्षं ती सेल्टिकचीच राहिली. बघा, खेळाडू बरेचसे तेच होते. बदललं होतं ते कोणी कुठे खेळायचं आणि ते कोण ठरवणार, एवढंच.

आता 25 मे 1967, लिस्बन. युरोपियन कपचा अंतिम सामना. समोर एरेराचं इंटर, 1964 आणि 1965 चे विजेते. तोवर हा कप स्पेन, पोर्तुगाल आणि इटली या तीनच देशांत गेलेला होता. सेल्टिकचा संघ कसला? अकराच्या अकरा खेळाडू आपल्या मैदानापासून साधारण तीस मैलांच्या आत जन्मलेले. सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर माझ्झोलाने गोल केला आणि इंटरने कडी घातली.

स्टीनचा तोडगा साधा होता. पहारेकरी माणसाच्या मागे धावतो ना, मग आपल्या आघाडीवीरांनी जागा सोडून इकडेतिकडे फिरायचं. पहारेकरी त्यांच्यामागे जातील, जागा रिकामी होईल, आणि तिथे मागून येणारे खेळाडू घुसतील. या मागून येणाऱ्यांवर पहारा कोणाचाच नाही! 63 व्या मिनिटाला उजव्या बाजूच्या क्रेगने चेंडू मागे सरकवला आणि डाव्या बाजूच्या गेमेलने लांबून गोल मारला. दोघेही बचावपटू, हे विसरू नका. मग शेवटच्या काही मिनिटांत मर्डॉकचा फटका चामर्सने जाळ्यात वळवला. 2-1. इंटरचा सुआरेस दुखापतीमुळे खेळत नव्हता हे खरं, पण त्या दिवशीचा खेळ पाहिलेला कोणी हा निकाल नशिबाचा म्हणत नाही. ब्रिटनमध्ये आलेला हा पहिला युरोपियन कप. त्या हंगामात सेल्टिकने भाग घेतलेली प्रत्येक स्पर्धा जिंकली.

पुढे 1970 मध्ये उपांत्य सामन्यात हॅम्पडेनवर 1,36,505 लोकांसमोर लीड्सला हरवून संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला, पण तिथे फेयेनूर्दने जादा वेळेत 2-1 ने हरवलं. हळूहळू एक अडचण उघडी पडली. खेळाडू घडवता येत होते, राखता येत नव्हते. इंग्लंडमधले क्लब जास्त पैसे देत. केनी डाल्ग्लिश सेल्टिकमध्येच तयार झाला आणि 1977 मध्ये 4,40,000 पौंडांना लिव्हरपूलला गेला. त्याआधी, 1975 मध्ये, स्टीनला मोटार अपघात झाला; तो त्यातून जेमतेम वाचला आणि हंगामभर बाजूला राहिला.

1978 मध्ये तो पायउतार झाला. मॅनेजर म्हणून दहा लीग, आठ स्कॉटिश कप, सहा लीग कप आणि एक युरोपियन कप त्याने क्लबला दिले होते. क्लबने त्याच्यापुढे काय ठेवलं? निधी उभारणाऱ्या लॉटरीसारख्या योजनेचं काम. एकेकाळी संघनिवडीचा पूर्ण हक्क मिळवलेल्या माणसाला आता संघाशी संबंधच नसलेली खुर्ची! त्याने ती नाकारली. लीड्समध्ये 44 दिवस काढून तो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर झाला.

10 सप्टेंबर 1985. कार्डिफला वेल्सशी सामना. विश्वचषकाच्या वाटेवर राहण्यासाठी किमान बरोबरी हवी होती. डेव्ही कूपरने उशिरा पेनल्टीवर ती साधून दिली. सामना संपता संपता स्टीन मैदानालगत कोसळला आणि स्टेडियममध्येच गेला. वय 62. त्याचा सहायक होता अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. त्याने संघ मेक्सिकोच्या विश्वचषकापर्यंत नेला, आणि पुढे मँचेस्टर युनायटेडमध्ये संघनिवडीचा अधिकार शेवटपर्यंत आपल्याच हातात ठेवला.

मॅनेजरची थोरवी मोजताना आपण कप मोजतो. स्टीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मोजायला हवी. आसपासच्या गावांतली पोरं घेऊन युरोप जिंकता येतो, हे त्याने करून दाखवलं. पैशाच्या आजच्या हिशेबात ते पुन्हा घडणं कठीण आहे. पण जबाबदारी ज्याच्यावर टाकतो, निर्णय त्यालाच घेऊ द्यावा, हे मात्र फुटबॉलबाहेरही लागू पडतं. थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.